मुकं दुखणं

रोगाला नाव देण्यात आपल्याकडच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ विषाणूची वंशावळ काढेपर्यंत गावानं त्याचं बारसं उरकलेलं असतं. याही रोगाचं तसंच झालं. कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात त्या पट्ट्यातल्या पाच गावांत तो आधी दिसला आणि आठवड्याच्या आत दूध घालायच्या रांगेत त्याला नाव पडलं. मुकं दुखणं.

दुखणं मोठं चमत्कारिक होतं. म्हैस निवांत बसलेली असायची, डोळे अर्धे मिटलेले, रवंथ चाललेला. एकाएकी तिचा जबडा थांबायचा, घास तोंडातल्या तोंडात राहायचा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी वीस. गोठ्यातल्या सगळ्याच म्हशी एकदम थांबायच्या आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चघळायला लागायच्या. ताप नाही, लाळ नाही, पोटफुगी नाही, दुधातही फरक नाही. जुन्या काळी हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नसतं. आलं ते ताइतामुळे.

ताईत म्हणजे दूध संघानं वाटलेला गळपट्टा. त्याला एक काडेपेटीएवढी डबी असायची. ती जबड्याचा आवाज ऐकायची, मानेची हालचाल आणि नाडी टिपायची. म्हैस दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. एक घास पोटातून वर आणते, पन्नासेक वेळा चावते, गिळते, चार क्षण थांबते आणि पुढचा घास आणते. तिच्या तब्येतीचा याहून खरा पुरावा नाही. मेंदूतून निघून पोटापर्यंत जाणारा एक लांबलचक मज्जातंतू असतो. तो पोटाचं काम बघतो आणि जिवाला स्वस्थ ठेवायचं कामही तोच करतो. त्यामुळे वेदना, ताप, भीती, काहीही झालं तरी म्हशीचा स्वस्थपणा जातो आणि त्याबरोबर रवंथ जातो. ताईत हे ऐकून मालकाच्या फोनवर सांगायचा, तेही म्हैस डोळ्यांना आजारी दिसायच्या दोन दिवस आधी. तालुक्यातल्या एकूण एक दुभत्या जनावराच्या गळ्यात तो होता, आणि त्यावर लोकांचा विश्वास डॉक्टरपेक्षा जास्त होता.

डॉक्टर होत्या तेजस्विनी चौगुले. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गेली नऊ वर्षं त्यांच्याकडे होता. वय एकेचाळीस, उंची बेताची, हात मात्र लांब आणि ताकदीचे. अडलेली म्हैस सोडवावी तर चौगुले मॅडमनीच, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. मुक्या दुखण्याची वर्दी आली तशी ती आनंदा सुतारला गाडीवर घेऊन निघाली. आनंदा दवाखान्यातला मलमपट्टीचा माणूस, पन्नाशी उलटलेला. बोलण्यात कुणाला हार न जाणारा, पण मॅडमसमोर जरा बेतानं बोलायचा.

तेजस्विनीनं गोठेच्या गोठे तपासले. थर्मामीटर लावला, डाव्या कुशीच्या खळग्यात, भकाळीत, मूठ दाबून पोटाची हालचाल मोजली, नाकपुड्या पाहिल्या, जिभेखाली पाहिलं. जनावर ठणठणीत. ती येताना नेमका रवंथ बंद पडायचा आणि ती जाईपर्यंत बंदच असायचा. बिचारीला वाटायचं, आपण वेळेवर पोहोचलो.

खरं सांगायचं तर या रोगानं तिला बरंच वाटलं होतं. रोग आला म्हणजे काम आलं, आणि काम असलं की डोकं रिकामं राहत नाही. गेली दोन वर्षं तिचा हाच उपाय चालला होता. झोप तीन-चार तासांवर आली होती. जेवणाची चव गेली होती. सुट्टी तिनं एकही घेतली नव्हती आणि त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. हल्ली ती कधी कधी औषधांच्या कपाटासमोर काही न घेता उभी राहायची. आपण नसलो तर कुणाचं काय अडेल, असा एक विचार तिथं शांतपणे यायचा. तो इतका शांतपणे यायचा याचीच तिला भीती वाटायची. मग ती कपाटाला कुलूप लावायची आणि आनंदाला उगाच एखादं काम सांगायची.

रक्ताचे नमुने ड्रोननं पुण्याला गेले. लाळेचे, शेणाचे, दुधाचे, सगळे गेले. लाळ्या-खुरकूत नाही, घटसर्प नाही, चाऱ्यात विषबाधा नाही. दरम्यान पाचाची अकरा गावं झाली, अकराची सव्वीस झाली. संघानं दूध स्वीकारायला खळखळ सुरू केली. तेव्हा तेजस्विनीनं भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला आणि गावागावांवर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रोग कुठल्या वाटेनं चाललाय हे एकदा कळलं की त्याला पुढच्या वळणावर गाठता येतं, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम.

नकाशा पुरा झाला. आनंदा चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "ही तर आपली फिरतीची डायरी हाय."

तेजस्विनीनं डायरी काढली. सोमवारी वाकुर्डे, मंगळवारी हातगाव, बुधवारी वरची वाडी. तारखेला तारीख जुळत होती. जिथं ती गेली नव्हती तिथं रोग नव्हता.  रोगाची वाट दुसरीतिसरी कुठली नव्हती. म्हशींना लागण करत गावोगाव ती स्वतःच फिरत होती.

पशुवैद्याच्या आयुष्यात याहून लाजिरवाणी गोष्ट नाही. तिनं गमबूट धुण्याच्या सोड्यात बुडवले, अॅप्रन जाळून टाकला, गाडीची चाकं पोटॅशच्या पाण्यानं धुतली. जनावरांकडून माणसाला लागणारे रोग तिला पाठ होते. त्यातला एखादा आपल्या अंगात मुरून बसला असेल, या खात्रीनं ती नवऱ्यासमोर दंड उघडा करून बसली.

नवराही डॉक्टरच. अभिनंदन चौगुले, माणसांचा. मोठ्या सरकारी दवाखान्यात तातडीचा विभाग सांभाळायचा. उंच, टकलाकडे झुकलेला, आणि हसरा. घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत, सगळीकडे वातावरण हलकं ठेवायची जबाबदारी जन्मजात त्याच्याकडेच असल्यासारखा वागायचा.

"दोन तपं झाली आपल्या ओळखीला," सुई टोचता टोचता तो म्हणाला, "मला कधी लागण केली नाहीस. आणि म्हशींना मात्र बरी केलीस."

"अभि, चेष्टा नको."

"बरं, नाही करत. पण तू जेवलीस काय?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "जेवून घ्या गं लवकर, दिवस मावळायला आला." चौगुल्यांचं घर जैन, सूर्यास्तानंतर तिथं चूल पेटत नसे. तेजस्विनी पानावर बसली आणि अर्धी भाकरी टाकून उठली. 

रक्त स्वच्छ निघालं. तिच्या अंगात एकही जंतू सापडला नाही. तरी वरून हुकूम आला, चौगुले मॅडमनी पुढची सूचना येईपर्यंत कुठल्याही जनावराजवळ जायचं नाही. तो कागद वाचला त्या दुपारी ती कपाटासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. कामही गेलं होतं आता. आनंदा दारात येऊन दोनदा खाकरला तेव्हा ती भानावर आली.

"संघाचं मुजावरसाहेब आल्यात," तो म्हणाला. "तुमास्नी भेटल्याबगार जायाचं न्हाई म्हणत्यात."

इम्तियाज मुजावर संघात ताइतांचा कारभार पाहायचा. चार लाख जनावरांचा सहा वर्षांचा रवंथ त्याच्या संगणकात साठलेला होता. म्हशीशी त्याचा संबंध एरवी फक्त चहापुरता. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, मला एक प्रयोग करायचाय. परवानगी मी काढलीय. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

प्रयोग हौसाक्का तिबिलेंच्या गोठ्यात झाला. हौसाक्का एकटी बाई, नऊ म्हशींची मालकीण. दुपारचे दोन वाजलेले, म्हशी पोटभर खाऊन बसलेल्या आणि नऊ जबड्यांचा एक संथ ओला आवाज गोठाभर भरून राहिलेला. मुजावरनं टॅबलेट दावणीच्या खुंटीला टांगला. पडद्यावर नऊ रेघा लाटांसारख्या चालल्या होत्या.

आधी आनंदा आत गेला. रेघा तशाच राहिल्या. मग शेजारच्या तालुक्यातून आणलेला एक नवा डॉक्टर तेजस्विनीचा दुसरा अॅप्रन आणि तिचेच गमबूट घालून गेला. एका म्हशीनं कान हलवला, बाकी काही नाही. मग मुजावर तेजस्विनीला म्हणाला, "आता तुम्ही. चप्पल इथंच काढा. हातात काही नको."

ती उंबऱ्याच्या आत आली. तिचं दुसरं पाऊल पडायच्या आत गोठ्यातला आवाज थांबला.

नऊच्या नऊ रेघा सपाट झाल्या. इतकी शांतता झाली की बाहेर टाकीत पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. तेजस्विनी जागच्या जागी थिजली. म्हशी आपल्याला एवढ्या भितात? नऊ वर्षं आपण त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं आणि त्या आपल्याला भितात? तिला रडू कोसळायच्या बेतात होतं.

"घाबरलेल्या नाहीत त्या," मुजावर हळू आवाजात म्हणाला. "हे बघा. भीती असती तर नाडी वाढली असती. इथं कमी झालीय. कान मागं गेले असते, ते तुमच्याकडे वळलेत. मी सव्वीस गावांतलं सगळं तपासलं, मॅडम. जिथं जिथं जनावर मोकळं होतं तिथं ते तुमच्यापासून लांब गेलेलं नाही. जवळ आलेलं आहे."

"मग थांबतात का?"

मुजावरनं टॅबलेट खुंटीवरून काढून हातात घेतला. एरवी आकडे फाडफाड सांगणारा माणूस, पण शब्द जपून उचलायला लागला. "मीही तेच शोधत होतो. जबडा बंद, नाडी मंद, कान पुढं. ही खूण आमच्या सहा वर्षांच्या रेकॉर्डमध्ये आणखी कुठं आहे का, असं संगणकाला विचारलं. तीनशे बारा ठिकाणी सापडली. तीनशे बाराही ठिकाणी एकच कारण होतं, दुसरं नाहीच."

"काय?"

"म्हैस नुकती व्यालेली होती. आणि तिचं रेडकू आजारी होतं."

तेजस्विनीला आधी कळलंच नाही. मुजावर सांगत राहिला. मनावरचा ताण फार जुना झाला की माणसाच्या घामातली रसायनं बदलतात. आपल्याला तो वास येत नाही आणि साबणानं तो जात नाही. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या चारशेएक चाव्या असतील, तर जनावराच्या नाकात हजाराच्या वर. शिवाय टाळूत एक वेगळं इंद्रिय असतं, ते खास दुसऱ्या जिवाची खबर घेण्यासाठीच. वास असेल, चाल असेल, श्वासाची लय असेल, सगळं मिळून असेल, अजून नक्की सांगता येत नाही. पण आजारी पिल्लू जवळ असलं की आई चघळणं थांबवते आणि सगळं ध्यान त्याच्याकडे लावते. ऐकते. हुंगते. वाट बघते.

"आणखी एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "ताईत आधी अर्ध्या तासाहून छोटे खंड मोजतच नव्हता. मार्चमध्ये आम्ही तो बदल केला, म्हणून मार्चमध्ये रोग दिसला. जुना कच्चा आवाज मी पुन्हा ऐकून काढला. मॅडम, हे दोन वर्षं चालू आहे."

दोन वर्षं. तेजस्विनीनं गोठ्याच्या खांबाला धरलं. दोन वर्षं गावोगावच्या म्हशींनी तिला ओळखलं होतं. तिनं कासेला हात घातला, सुई टोचली, शेपटी उचलली, आणि त्या घास तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. रोगी ती स्वतःच होती, आणि रोग मात्र म्हशींच्या अंगावर हात ठेवून शोधत होती. सव्वीस गावं पालथी घातली, पुण्यापर्यंत नमुने पाठवले, पण दुखणं आपलं असेल हे एकदाही तिच्या मनाला शिवलं नव्हतं. डॉक्टरच्या मनाला ते शिवतच नाही.

हौसाक्का इतका वेळ वैरणीच्या पेंढीवर बसून होती. ती म्हणाली, "येवढं मशीन कशाला लागतंय वो? मी तर कवाधरनं बघतोय. ह्या बाई आल्या की माझ्या म्हसरांचं त्वांड मिटतंय. मला वाटायचं, बाईच्या घरात काय तरी झालं असंल. इचारावं म्हटलं, पर डाक्टरला कोन इचारतंय?"

कडेची थोरली म्हैस उठली. दावं पुरेल तेवढं पुढं आली, मान लांबवली आणि आपली जड, ओली हनुवटी तेजस्विनीच्या खांद्यावर ठेवली. कानशिलाशी तिचा गरम श्वास लागला. आजवर तेजस्विनीनं असल्या हजारो नाकपुड्या तपासल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला तपासत होतं. एवढं मोठं जनावर, बोलता येत नाही, लिहिता येत नाही, आणि तिच्या नवऱ्यापासून तिच्या वरिष्ठांपर्यंत कुणालाच जे कळलं नव्हतं ते याला उंबऱ्यावर कळत होतं.  जगात आपल्याला न दिसणारं, न ऐकू येणारं केवढं काय काय चाललेलं असतं आणि त्यात आपली काळजीसुद्धा वाहिली जात असते, हे तिला त्या क्षणी लख्ख समजलं. ती तिथंच शेणामातीत खाली बसली.

आणि बोलायला लागली. दोन वर्षांपूर्वीचा बर्ड फ्लू. तीन दिवसांत तीन गावांतल्या अकरा हजार कोंबड्या मारायचा हुकूम. तिच्या घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करायची रीत. सासूबाईंना तिनं सांगितलं होतं, पुण्याला प्रशिक्षण आहे. अभिनंदनला खरं माहीत होतं. ती परत आली तेव्हा त्यानं अंघोळीला कढत पाणी काढून दिलं, आणि मग दोघांनी तो विषय कधी काढला नाही. डॉक्टर माणसं असले विषय काढत नाहीत.

"एक मुलगी होती," ती म्हणाली. "सात-आठ वर्षांची. कोंबडी फ्रॉकात गुंडाळून उभी होती. म्हणाली, हिला नका मारू, ही बरी आहे. आणि ती खरंच बरी होती हो. मला दिसत होतं. मी डॉक्टर आहे, मला दिसत होतं ना ती बरी आहे ते. मी तिच्या हातातून काढून घेतली."

ती रडली. मोठ्यानं, लाज सोडून, लहान पोरासारखी रडली. नव्या डॉक्टरनं मान फिरवली. आनंदा गोठ्याबाहेर जाऊन टाकीचा नळ उगाच उघडबंद करत राहिला. हौसाक्का मात्र जवळ सरकली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. कपाटाचंही तेजस्विनीनं तिथंच सांगितलं. ते ऐकून हौसाक्कानं आनंदाला हाक मारली आणि किल्ली त्याच्याकडे द्यायला लावली.

रेघा बाविसाव्या मिनिटाला हलल्या. आधी थोरलीची. मग एकेक करून बाकीच्यांची. गोठा पुन्हा त्या संथ ओल्या आवाजानं भरला. मुजावर पडद्याकडे बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं, कारण त्याचेही डोळे भरले होते.

*

पुढं जे व्हायचं ते झालं. तेजस्विनीला तीन महिने रजा मिळाली. दर गुरुवारी ती कोल्हापूरला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागली. गोळ्या सुरू झाल्या, झोप हळूहळू परत आली. एके दिवशी सासूबाईंना तिनं पुण्याच्या प्रशिक्षणाचं खरं सांगून टाकलं. म्हातारी वाढता वाढता थांबली. मग म्हणाली, "एकटीनं वागवलंस होय गं एवढं?" आणि तिच्या ताटात तूप वाढलं.

इकडे मुजावरच्या अहवालानं खळबळ उडवली. जे म्हशींना एका पशुवैद्याचं कळतं ते इतरांचंही कळणार, हे उघड होतं. आरोग्य खात्याची बैठक बसली. डॉक्टर, पशुवैद्य, परिचारिका यांच्यातलं कोण आतून कधी कोसळेल हे आजवर कुठल्याही प्रश्नावलीनं धड सांगितलं नव्हतं, कारण प्रश्नावलीत काय लिहायचं हे त्यांना बरोबर माहीत असतं. म्हशीला फसवता येत नव्हतं. एक साहेब फार खूश झाले. म्हणाले, "उत्तम! दर वर्षी सगळ्यांची चाचणी घ्या. जे नापास होतील त्यांना कामावरून काढा."

तेजस्विनी बैठकीत मागच्या खुर्चीवर होती. ती उभी राहिली.  "साहेब, एकाही म्हशीनं आजारी रेडकाला कळपाबाहेर काढलेलं नाही. त्या जवळ आल्या. आपल्याला त्यांच्याकडून काही शिकायचंच असेल तर हे शिकू या, नाहीतर त्यांना या भानगडीत ओढूच नका. उद्या लोक नोकरीच्या भीतीनं गोठ्याकडे फिरकायचे नाहीत, आणि ज्याला गरज आहे तोच सगळ्यात आधी पळेल. मी पळाले असते."

 शेवटी तिच्याच अटींवर ठरलं. कागद नाही, नोंद नाही. जे कळेल ते ज्याचं त्याला. संघानं आपल्या कुरणावर एक मोठा गोठा दिला आणि चाळीस भाकड म्हशी दिल्या. दूध आटल्यामुळे ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या म्हशी एका रात्रीत तज्ज्ञ होऊन बसल्या. सरकारी पाटीवर लांबलचक नाव होतं. लोक म्हणायचे, डॉक्टरांचा गोठा.

मोठमोठे शल्यविशारद चकचकीत बूट घालून तिथं यायचे आणि शेण चुकवत, अवघडून उभे राहायचे. कुणी आत आलं की चार म्हशी थांबायच्या, कुणी आलं की दहा. काही जणांसाठी एकही थांबत नसे आणि ते उगाच थोडे नाराज होऊन परत जायचे. तेजस्विनी आता अर्धा वेळ दवाखान्यात आणि अर्धा वेळ इथं असायची. तिच्यासाठी हल्ली दोन-तीनच म्हशी थांबायच्या, त्याही मिनिटभर. ज्या दिवशी एकही थांबली नाही त्या दिवशी तिनं सगळ्यांना गुळाचा खडा चारला.

अभिनंदन मात्र कधी आला नव्हता. बायकोचं कौतुक तो गावभर करायचा. "आमच्या घरी आता म्हशींची प्रॅक्टिस माझ्यापेक्षा जोरात आहे," असं पाहुण्यांना सांगून हसवायचा. "ये की एकदा बघायला," ती म्हणायची. "येतो की गं, रविवारी," तो म्हणायचा, आणि रविवारी त्याला ड्यूटी निघायची.

एका रविवारी चारच्या सुमाराला तेजस्विनीची गाडी बंद पडली. तिनं त्याला न्यायला बोलावलं. कुरणावर दुसरं कुणी नव्हतं. ती गोठ्याच्या पार टोकाला एका म्हशीच्या खुराला मलम लावत होती आणि भोवती चाळीस जबड्यांचा आवाज चालला होता. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की तो आहे हे तिला जाणवतही नव्हतं.

फाटक वाजलं. "काय ओ, मोठ्या डॉक्टरीणबाई," अभिनंदन दारातून ओरडला, "पेशंट सोडून चला आता. भूक लागलीय."

आवाज थांबला.

चार म्हशींचा नाही, दहांचा नाही. चाळीसच्या चाळीस. ज्या बसल्या होत्या त्या उठायला लागल्या. पुढच्या गुडघ्यांवर भार देत, एकामागून एक. जड देहांची ती काळी लाट दाराच्या दिशेनं वळली आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाकडे चाळीस जोड्या कान लागले. एवढ्या महिन्यांत, एवढी माणसं येऊन गेली, तेजस्विनीनं असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातली मलमाची डबी तशीच राहिली.

अभिनंदन हसत होता. "हे काय? माझ्याकडे का बघतात या?"

 म्हशींच्या मधून वाट काढत ती त्याच्याजवळ गेली. दोन तपांचा ओळखीचा चेहरा. हसण्यानं डोळ्यांच्या कडेला पडलेल्या सुरकुत्या. त्या सुरकुत्यांच्या आत काय आहे हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. आपल्या दुखण्यात, आणि नंतर बरं होण्याच्या आनंदात, याच्याकडे बघायचं राहूनच गेलं. 

आजारी जनावर दारात आलं की पशुवैद्य मालकाला जो पहिला प्रश्न विचारतो तो तिनं विचारला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? अगं, बरा आहे मी. चल, आई वाट बघत असेल."

ती हलली नाही. म्हशीही हलल्या नाहीत. एकीनं पुढं येऊन त्याच्या सदऱ्याला नाक लावलं आणि लांब श्वास आत ओढला. अभिनंदननं तिच्या कपाळावर थाप मारायला हात उचलला, काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. पण या वेळी त्याला काही सुचेना. हात तसाच म्हशीच्या कपाळावर राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश ओसरलं आणि त्याखालचा माणूस दिसला. किती थकलेला होता तो.

तो गव्हाणीच्या कठड्यावर बसला. तेजस्विनी त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

"एक पोरगा आणला होता तातडीच्या विभागात," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली त्या गोष्टीला."

चाळीस म्हशी ऐकत होत्या.